मिस्त्रींना पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीला बोलवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपत्ती निवारणाचं प्रशिक्षण पूर्ण केलेल्या तरुण-तरुणींचा फोटो गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आला होता. त्यातली दोन मुलं आमच्या आळीतली आहेत, त्यामुळे फोटो पाहून फार बरं वाटलं. ‘आपदा मित्र’ योजनेत या मुलांना बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, साहित्याचा संच मिळतो आणि तीन वर्षांचा विमाही मिळतो. महाडसारख्या गावात अशी मुलं जितकी तयार होतील तितकी कमीच. मात्र या योजनेला १८ ते ४० अशी वयाची अट आहे. त्या अटीमुळे जो माणूस त्या फोटोत येऊच शकत नाही, त्याच्याविषयी मला लिहायचं आहे.

मी एसटीच्या महाड आगारात वाहतूक नियंत्रक होतो. ज्यांच्याविषयी लिहितोय ते त्याच आगाराच्या कार्यशाळेत होते, माझ्या कितीतरी आधीपासून. आज ते पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. सारा गाव त्यांना मिस्त्री म्हणतो. नाव छापायचं नाही असं त्यांनी बजावून सांगितलंय, म्हणून मीही मिस्त्रीच लिहितो.

मिस्त्री या कामात पडले ते ब्रेकडाऊन व्हॅनमुळे. घाटात गाडी बंद पडली किंवा कलंडली की आगारातून ही व्हॅन निघायची. जॅक, पहारी, तारेचा दोर, चेन पुली, लहानमोठे पाने असं सगळं तिच्यात असायचं. व्हॅनचं काम गाडी उचलून आणण्याचं. पण महाडहून खेड-रत्नागिरीकडे जायचं तर कशेडी, पुण्याला जायचं तर वरंध, पोलादपूरहून महाबळेश्वरला चढायचं तर आंबेनळी. रात्री-अपरात्री अपघात झाला तर तिथे पोचणारी पहिली अवजारं बहुतेक वेळा आमच्या व्हॅनमधलीच असायची. गाडी आणायला गेलेल्या मिस्त्रींना आत माणसं अडकलेली दिसायची. रुग्णवाहिका तेव्हा कुठली? १०८ ची गाडी महाराष्ट्रात सुरू झाली २०१४ साली. तोवर जखमी माणसाला टेम्पोत, जीपमध्ये, भाजीच्या ट्रकमध्ये, मिळेल त्या वाहनात घालून न्यायचं. हळूहळू अपघात एसटीचा असो वा आणखी कुणाचा, लोक धावत स्थानकात यायचे आणि माझ्या खिडकीशी विचारायचे, “मिस्त्री आहेत का?” ड्युटीवर असले तर साहेबांना सांगून निघायचे, नसले तर घरून निघायचे. त्यात किती रजा गेल्या असतील, त्यांनी कधी मोजलं नाही.

दोरीच्या गाठी, जखमीला उचलायची पद्धत, धुरातून खाली वाकून कसं जायचं हे ते तरुणपणी होमगार्डमध्ये शिकले. हे दल १९४६ साली आपल्याच मुंबई प्रांतात उभं राहिलं आणि ‘निष्काम सेवा’ हे त्याचं ब्रीद. बाकी सगळं काम करता करता आलं. ते कसं आलं हे कळावं म्हणून माझ्यासमोर घडलेला एक प्रसंग जरा सविस्तर लिहितो.

कशेडी घाटात मालाचा ट्रक डोंगराला धडकला होता. केबिन आत दबलेली, ड्रायव्हर शुद्धीवर, दोन्ही पाय पेडलांखाली अडकलेले. जमलेली माणसं त्याला बगलेत धरून ओढत होती आणि तो जीव खाऊन ओरडत होता. मिस्त्रींनी सगळ्यात आधी लोकांना हात सोडायला लावले. चाकांना पुढून-मागून दगड लावले. बॅटरीची वायर काढली. सांडलेल्या डिझेलवर रस्त्याकडेची माती टाकायला लावली, विड्या विझवायला लावल्या. एका धीट पोराला ड्रायव्हरच्या मागे बसवलं आणि सांगितलं, “दोन्ही हातांनी डोकं धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.” कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो परत पाठवला, याला बहुतेक ऑपरेशनला घ्यावं लागेल, पोटात पाणी नको. मग ते हातातली विजेरी घेऊन खाली वाकले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. आता दोर बांधून पुढचा पत्रा ओढणार असं आम्हाला वाटत होतं. त्यांनी पाना मागितला आणि सीटचे बोल्ट खोलायला घेतले. पत्रा ओढला तर पायावर काय येईल याचा नेम नाही, पण सीट मागे घेतली तर माणसाला तेवढी जागा नक्की मिळते, असा त्यांचा हिशेब. सीट वीतभर मागे आली. बुटाची नाडी ब्लेडने कापली, उजवा पाय बुटातून सुटला. डाव्यासाठी पेडलाच्या दांड्याला जॅक लावावा लागला. हे सगळं चालू असताना तोंडाने त्या ड्रायव्हरशी गप्पा: गाव कोणतं, पोरं किती, थोरला कितवीत. तो साताऱ्याकडचा होता. त्याचा डावा पाय पुढे गुडघ्याखाली काढावा लागला, पण माणूस वाचला. त्यानंतर बरीच वर्षं दिवाळीत त्याचा फराळाचा डबा एसटीच्या पार्सलमधून मिस्त्रींना यायचा.

आता पत्रा कापणारी हायड्रॉलिक यंत्रं आली आहेत, ती हवीच आहेत. पण यंत्र लावण्याआधीची ती पाच मिनिटं, जेव्हा मिस्त्री वाकून नुसतं पाहत होते, ती कुठल्या संचातून मिळणार? शेजारी उभं राहून शिकवणारा माणूस लागतो.

आगीचं तसंच. आमच्या बाजारपेठेत कौलारू घरं एकाला एक लागून. एका घराला आग लागली की वाशांवरून, रिपांवरून ती पुढच्या घराकडे धावते. अशा वेळी मिस्त्री पेटलेल्या घरात पाणी मारत बसायचे नाहीत. ते शेजारच्या छपरावर चढायचे, कौलं उतरवायला लावायचे, रिपा तोडून मधे मोकळी पट्टी करायचे. ज्याच्या घराची कौलं काढली त्याच्या शिव्या खायचे, आणि बंब येईपर्यंत आग त्या पट्टीशी थोपलेली असायची. उन्हाळ्यात डोंगरावर वणवा लागला तरी हीच रीत: पुढे जाऊन गवत आपणच जाळून पट्टा काढायचा आणि हिरव्या डहाळ्यांनी कडा झोडपायच्या. एमआयडीसीत मात्र ते पोरांना कधी पुढे जाऊ द्यायचे नाहीत. आधी वारा कुठून वाहतो ते बघायचं आणि वाऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं. कामगाराला गाठून विचारायचं, आत काय ठेवलंय? पाणी पडल्यावर जास्तच भडकणारी रसायनं असतात, हे त्यांच्याकडून शिकलेली कितीतरी मुलं आज त्याच कारखान्यांत नोकरी करतात. आणि बंब आला, साहेब उतरले, की मिस्त्री त्यांना चार वाक्यांत सांगायचे की आत किती माणसं, काय पेटलंय, पाणी कुठे मिळेल. मग मागे येऊन होज उचलायला लागायचे. पुढेपुढे करण्याचा हट्ट त्यांनी धरलेला मी पाहिला नाही. मोबाईल काढून शूटिंग करणारा कुणी दिसला की त्याच्यावर न ओरडता त्याच्या हातात दोरीचं टोक द्यायचे आणि म्हणायचे, “घट्ट धर.” धरावंच लागायचं.

महाडच्या पुराविषयी आपल्या वाचकांनी खूप वाचलंय, तरी थोडं सांगतो. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांचं पाणी आमच्याकडे येतं. महाबळेश्वरला पाऊस किती झाला हा एक हिशेब आणि बाणकोटच्या खाडीला भरती केव्हा हा दुसरा. भरती असली की पुराला उतरायला वाट राहत नाही, मग ते बाजारपेठेत शिरतं. मिस्त्री पंचांग पाहतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहाच्या सुमारास, असा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे. खाडीतून वर महाडपर्यंत पाणी चढायला लागणारा वेळ ते त्यात आपल्या अनुभवाने मिळवतात. हिशेब जुळतोय असं दिसलं की सुकट गल्लीपासून सुरुवात करून घरोघर सांगत निघतात: मेन स्विच बंद करा, सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, औषधं आणि कागदपत्रं माळ्यावर न्या. न बांधलेला सिलिंडर पुरात तरंगत जातो आणि कुठे जाऊन आदळेल सांगता येत नाही.

त्यांच्याकडे एक वही आहे. एसटीच्या रद्दीतले पाठकोरे कागद शिवून केलेली, वर रेक्झिनचा तुकडा. तिच्यात गल्लीवार लिहिलेलं असतं: तळमजल्यावर कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुठल्या सुनेचे दिवस भरत आलेत, कुठल्या घराला माळा नाही, कुणाकडे मागचं दार आहे. दर मे महिन्यात ते आणि वहिनी ही वही नव्याने करतात. बायकांची माहिती वहिनी आणतात, कारण ती मिस्त्रींना कुणी सांगणार नाही. माणसं गावाहून मुलांकडे जातात, कुणी वारतं, नवे भाडेकरू येतात, म्हणून गेल्या वर्षीची वही यंदा चालत नाही. सरकारी यंत्रणेला दोष द्यायचा माझा हेतू नाही. पण असली यादी गावात राहणारा माणूसच करू शकतो.

२५ आणि २६ जुलै २००५ ला इथे पूर आणि त्याच वेळी दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी, असं दोन्ही एकदम आलं. जवळपास २०० माणसं गेली. मुंबईच्या त्या पावसाची आठवण सगळ्यांना आहे, आमच्या दरडींची फार कमी जणांना. तेव्हा मिस्त्रींनी आगाराबाहेर एक तराफा केला होता. टायरच्या मोठ्या ट्यूबा, त्यावर बांबूची शिडी, शिडीवर दाराची फळी. मोठी बोट आमच्या गल्ल्यांत वळत नाही. हा तराफा छातीभर पाण्यात दोन माणसं ढकलत नेतात आणि फळीवर म्हातारं माणूस आडवं झोपवता येतं. ट्यूबा फार फुगवायच्या नाहीत, नाहीतर पत्र्याच्या कडेला लागून फुटतात, हेही त्यांनीच सांगितलेलं.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र आम्हा एसटीवाल्यांच्या मनातून जाणार नाही. १९२८ साली बांधलेला सावित्रीवरचा दगडी पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या आमच्या दोन गाड्या त्यात गेल्या, बरोबर खाजगी वाहनंही. ४० च्या आसपास माणसं गेली, त्यांत आमचे चालक-वाहक. नौदल आलं, तटरक्षक दल आलं, एनडीआरएफ आलं. क्रेनला ३०० किलोचं लोहचुंबक बांधून नदीचा तळ धुंडाळला. पाण्याला प्रचंड ओढ आणि त्यात मगरी. मिस्त्री तेव्हा निवृत्त झाले होते. भोईघाटावरच्या जुन्या जाणत्या माणसांना बोलावून घेऊन ते काठावर बसले, कारण पुरात वाहिलेली वस्तू कुठल्या वळणावर अडते हे त्यांनाच ठाऊक. पण त्या दिवसांतलं त्यांचं खरं काम दुसरंच होतं, आणि त्याची कुठे बातमी झाली नाही. मृतदेह खाली दूरवर खाडीत, समुद्रकिनाऱ्यावर सापडत होते. ओळख पटवायला घरच्या माणसांना जावं लागायचं. मिस्त्री त्यांच्याबरोबर जायचे. आधी स्वतः आत जाऊन पाहायचे: शर्टाचा रंग, मनगटावरचं घड्याळ, अंगठी. मग बाहेर येऊन घरच्यांतल्या एकाला बाजूला घ्यायचे आणि हळू आवाजात सांगायचे, आईला आत नेऊ नका, तुम्ही चला माझ्याबरोबर. असं त्यांनी किती घरांसाठी केलं, ते विचारलं तर विषय बदलतात.

त्यानंतर २८ जुलै २०१८ ला आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, ३० जण गेले. दोर लावून दरीत उतरली ती महाबळेश्वर, पोलादपूर, महाडकडची ट्रेकर पोरं. २४ ऑगस्ट २०२० ला काजळपुऱ्यातली पाच मजली इमारत कोसळली, करोनाच्या ऐन दिवसांत. २२ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा तोंडावर, भरती मोठी, आणि अख्खं शहर पाण्याखाली. वीज नाही, मोबाईल नाही. त्याच दिवशी तळियेवर दरड आली आणि ८० हून अधिक माणसं गाडली गेली. रस्ते बंद, चहूकडे पाणी, त्यामुळे बाहेरची मदत तिथे पोचायला दुसरा दिवस उजाडला. अशा वेळी पहिला दिवस आणि पहिली रात्र गावातल्या माणसांच्याच भरवशावर काढावी लागते. त्या रात्री मिस्त्रींच्या घराचा तळमजला पाण्यात होता. गुडघ्यांनी तोवर दगा दिला होता, पाण्यात उतरणं शक्य नव्हतं. ते वरच्या खिडकीत वही आणि बॅटरी घेऊन बसले आणि खालून तराफा नेणाऱ्या पोरांना ओरडून घरं सांगत राहिले: उजवीकडचं तिसरं, आजी एकट्या आहेत, दार आतून बंद असेल, खिडकीवर थापा मारा.

आता विम्याकडे येतो. एका बचावकामात घाटात पाय घसरून मिस्त्रींची टाच फुटली होती. महिनोन्महिने ते घरी होते, खर्च सगळा घरचा. त्यांची कुठे नोंद नव्हती, विमा नव्हता. मागायचं तरी कुणाकडे? आज प्रशिक्षित मुलांना विमा आहे, पण तीन वर्षांचा. पुढे काय? ती मुलं चौथ्या वर्षी पुरात उतरणार नाहीत, असं थोडंच आहे? जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीची दरड कोसळली तेव्हा रात्रीच्या अंधारात तो चढ चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याला हृदयविकाराने मरण आलं. त्यांच्या मागून-पुढून आसपासच्या गावांतले ट्रेकर आणि स्वयंसेवकही चढत होते. वर्दीतल्या माणसाच्या घरच्यांसाठी निदान नियम तरी आहेत. त्या स्वयंसेवकांपैकी कुणाला तसं काही झालं असतं तर त्याच्या बायकोने कुठल्या कार्यालयात जायचं होतं? लोणावळ्याचं शिवदुर्ग, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स अशी मंडळी वर्षानुवर्षं हेच काम करतात. प्रत्येक गावात या प्रश्नाचं उत्तर एकच आहे: वर्गणी काढू.

विम्याला तीन वर्षांची मुदत आणि माणसाला चाळिशीची, या दोन्ही गोष्टींचा शासनाने फेरविचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. दरीत उतरायला तरुण माणूस हवा, हे मान्य. पण शिकवायला चाळिशीच्या पुढचा माणूस का चालू नये? त्या बारा दिवसांतला एक दिवस मिस्त्रींसारख्यांना द्या. मुलांना घेऊन ते दादली पुलापासून दस्तुरी नाक्यापर्यंत चालतील आणि पाणी आधी कुठे शिरतं ते दाखवतील. आगाराच्या भंगारातली एखादी केबिन मिळाली तर सीटचे बोल्ट कसे खोलायचे तेही दाखवतील. वही कशी करायची हे वहिनींनी मुलींना शिकवावं, असं मला फार वाटतं. ती वही कार्यालयात जमा करून फाइलला लावून उपयोग नाही, लोकांच्या आजारपणाची माहिती तशी चार हातांत फिरायलाही नको. दर मे महिन्यात दारोदार जाऊन ती नव्याने करणारी माणसं तयार व्हायला हवीत.

हे सगळं मी मिस्त्रींना वाचून दाखवलं. पुलाच्या वेळचा मजकूर काढून टाक म्हणाले. तो मी ठेवला आहे. शिकवायला येणार का, असं विचारल्यावर त्यांनी लगेच मुलांच्या बुटांविषयी विचारलं. फोटोतल्या मुलांच्या पायांत गमबूट होते. पुराच्या पाण्यात गमबूट भरतो आणि पाय उचलत नाही. नाडीचा कॅनव्हासचा बूट घालायला सांगा, म्हणाले. हे मुलांपर्यंत आपल्या दैनिकातून पोचलं तरी या पत्राचं बरंच काम होईल.

पावसाळ्यापूर्वीची आढावा बैठक दरवर्षी होते. यंदा तिला मिस्त्रींना रीतसर पत्र देऊन बोलवावं. पत्र गेलं तर ते येतील, नुसता निरोप आला तर संकोचाने येणार नाहीत, एवढं मी त्यांना ओळखतो. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून बैठक तळमजल्यावर ठेवता आली तर बरं. त्यांना घेऊन येण्याची जबाबदारी माझी.

आपला नम्र,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, महाड (जि. रायगड)